डागाचे कूळ आणि मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. डागाची मात्र दोन्ही चौकशी करावी, आणि तीही बाटलीचे बूच फिरवण्यापूर्वी.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की घरोघर माळ्यावरचे डबे खाली उतरतात, पंख्यांची पाती पुसली जातात, पडदे भिजत पडतात, आणि शेवटी मोर्चा वळतो तो विजेच्या व गॅसच्या उपकरणांकडे. शेगडी, मिक्सर, किटली, गीझर, कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री, फ्रीज, मायक्रोवेव्ह, धूर ओढणारी चिमणी! दोन खोल्यांच्या घरातसुद्धा ही मंडळी मोजायला बसले तर बोटे पुरत नाहीत. प्रत्येकाच्या अंगावर वर्षभराचे पुट. कुठे पांढरा खरखरीत थर, कुठे मेणचट पिवळा राप, कुठे करपलेले दूध, तर कुठे गंज. दुकानात जावे तर एकेका यंत्रासाठी एकेक बाटली मांडलेली असते. किटलीची निराळी, धुलाईयंत्राची निराळी, चिमणीची निराळी आणि फरशीची तर तीन वासांत. कोणती घ्यावी हे कळेनासे झाले की आपण चार घेतो, आणि त्यांतल्या तीन पुढच्या दिवाळीला तशाच भरलेल्या सापडतात.

तेव्हा भगिनींनो (आणि हल्ली हे काम आनंदाने अंगावर घेणाऱ्या बंधूंनोही), या खेपेस एक करा. बाटली हातात घेतली की ती पाठमोरी फिरवा. पुढच्या बाजूला चकचकीत स्वयंपाकघराचे आणि हसऱ्या सुनेचे चित्र असते, ते राहू द्या. मागे बारीक अक्षरांत जे घटक छापलेले असतात ते वाचा. थोड्याच वेळात ध्यानात येईल की दहा बाटल्यांच्या पोटात तीच तीच चार-पाच द्रव्ये आहेत. एखादे आम्ल, एखादा सोडा, साबणासारखे काम करणारे एखादे द्रव्य, रंग उडवणारे ब्लीच, आणि वरून लिंबाचा किंवा गुलाबाचा वास. वासाने डाग जात नाही, हे निराळे सांगायला नको.

आपल्या आज्या-पणज्यांना ही नावे ठाऊक नव्हती, पण ही द्रव्ये त्यांच्या चुलीपाशीच होती. तांब्यापितळेची भांडी त्या चिंचेने घासत, आणि कोकणात आमसुलाने. हे झाले आम्ल. खरकटी तेलकट भांडी चुलीतल्या राखेने निघत. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, तो झाला अल्क. आणि राखेचे बारीक कण घासायलाही उपयोगी. रिठ्याचा फेस म्हणजे साबणाचे काम. चिंचेने तेल निघत नाही आणि राखेने कळकलेले तांबे लख्ख होत नाही, हे त्यांना हाताच्या अनुभवाने पक्के माहीत होते. आपल्याकडे बाटल्या आल्या आणि हा भेद मात्र हातातून निसटला.

या साऱ्या द्रव्यांचा इतिहास पाहू गेले तर एकाच माणसाशी येऊन आपण वारंवार थांबतो. कार्ल विल्हेल्म शीले हा अठराव्या शतकात स्वीडनमध्ये औषधे विकणारा साधा दुकानदार. चिंचेत असते ते टार्टरिक आम्ल, आंबट दुधातले लॅक्टिक आम्ल, १७७६ साली ऑक्झॅलिक आम्ल, १७८४ साली लिंबाच्या रसातून स्फटिकरूपाने काढलेले सायट्रिक आम्ल, ही सगळी त्याची कामगिरी. आणि १७७४ साली त्याच्याच हातून एक हिरवट पिवळा, घसा जाळणारा वायू निघाला. तो क्लोरीन. शीले १७८६ साली अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याच्या दुकानातली ही द्रव्ये आज आपल्या मोरीच्या फळीवर शेजारीशेजारी उभी आहेत. त्यांनी शेजारी राहायला हरकत नाही, पण एकत्र येता कामा नये. ते का, हे पुढे सांगते.

आधी पांढऱ्या थराचे पाहू, कारण सर्वांत जास्त विचारणा त्याचीच असते.

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा पावसावर भरणाऱ्या तलावांचे पाणी मिळते. ते मऊ. तिथे किटली वर्षानुवर्षे आतून स्वच्छ राहते. तेच बिऱ्हाड शहराबाहेरच्या एखाद्या नव्या वसाहतीत गेले, बोअरचे किंवा टँकरचे पाणी नशिबी आले, की दोन महिन्यांत किटलीच्या तळाशी पांढरे खवले दिसू लागतात आणि नळाच्या तोंडाशी मिठासारखी कड जमते. किटली बिघडली म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. जमिनीत मुरलेले पाणी दगडमातीतला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन येते. थंड पाण्यात हे क्षार विरघळलेले असतात म्हणून दिसत नाहीत. पाणी तापले की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते. म्हणजे खडूच! आपण रोज चहाबरोबर किटलीत थोडाथोडा खडू शिजवीत असतो.

हा थर नुसता कुरूप असता तर सोडून दिला असता. पण तो उष्णता नीट जाऊ देत नाही. विजेच्या वेटोळ्यावर तो बसला की वेटोळे आत तापत राहते, पाण्याला उष्णता उशिरा पोचते, वीज जास्त जळते आणि एके दिवशी वेटोळेच जळून जाते. बादलीत सोडायच्या रॉडचे पुष्कळदा असेच होते.

खडूला साबण काही करत नाही. कितीही घासा. त्याला आम्ल हवे. वाण्याकडे लिंबूसत्त्व म्हणून जे पांढरे दाणे मिळतात, तेच शीलेचे सायट्रिक आम्ल. आता मात्र ते लिंबापासून करीत नाहीत. १९१७ साली जेम्स करी या अमेरिकन रसायनज्ञाने दाखवून दिले की साखरेवर एक काळी बुरशी वाढवली तर ती भरपूर सायट्रिक आम्ल तयार करते, आणि तेव्हापासून लिंबाच्या बागांवरचे अवलंबून राहणे संपले. किटलीच्या महाग बाटलीत आणि वाण्याच्या पुडीत पुष्कळदा हेच एक द्रव्य असते.

रीत अशी. किटलीत लिटरभर पाणी तापवावे, बटण बंद करून प्लग काढावा, उकळी खाली बसू द्यावी आणि मग एक मोठा चमचा लिंबूसत्त्व घालावे. उकळत्या पाण्यात टाकू नये, फसफसून अंगावर येते. वीस मिनिटे तसेच ठेवावे. बुडबुडे येताना दिसतील, तो खडू विरघळत असल्याचा पुरावा. मग पाणी ओतून किटली दोनदा विसळावी आणि नुसते पाणी एकदा उकळून टाकून द्यावे. थर जुना असेल तर एका खेपेत जाणार नाही; सुरीने खरवडण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच करावे. रॉड असेल तर तो प्लग काढून, पुरता गार झाल्यावर, फक्त वेटोळे बुडेल असा प्लॅस्टिकच्या बादलीतल्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवावा. गीझर मात्र स्वतः उघडू नये. त्यात क्षार किती साठले आहेत आणि आतली मॅग्नेशियमची कांडी किती झिजली आहे हे जाणत्या कारागिराने पाहावे. दाट क्षारांचे पाणी असेल तर वर्षातून एकदा त्याला बोलावणे स्वस्त पडते.

कुकरच्या आतल्या काळेपणाचे औषध तर तुमच्या हातात आधीपासूनच आहे. डबे ठेवण्यापूर्वी तळच्या पाण्यात चिंचेचे बुटुक किंवा पिळलेल्या लिंबाची फोड टाकायची, ही सवय ज्या घरात आहे तिथला ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडत नाही. पडला असेल तर त्याच फोडींसह पाणी पंधरा मिनिटे उकळावे.

एक सावधगिरी मात्र फार थोड्यांना माहीत असते. ज्या खडूला आम्ल खाते तोच खडू आपल्या पायाखालीही आहे. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. जुन्या ओट्यांचा काळा कडप्पाही त्याच कुळातला, आणि संगमरवर त्यांचा गोरा भाऊ. किटली साफ करून ते पाणी ओट्यावर सांडले आणि तसेच राहिले, तर दगडाची झिलई जाऊन तिथे कायमचा फिका ठिपका पडतो. तो डाग नव्हे, दगडाची जखम आहे. त्यावर पुन्हा काही चोळाल तितकी ती वाढेल. म्हणून ही कामे मोरीत, स्टीलच्या परातीत किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर करावीत.

आता तेलाकडे वळू. शेगडीच्या कडेला आणि चिमणीच्या जाळीवर जो पिवळा, चिकट, बोटाला ओढून धरणारा राप असतो तो पाहून पुष्कळजणींना वाटते की हे साधे तेल आहे, गरम पाण्याने निघेल. ते तेल होते. आता राहिलेले नाही. फोडणीबरोबर उडालेले तेलाचे बारीक थेंब हवेशी आणि उष्णतेशी संयोग पावून हळूहळू घट्ट होतात, एकमेकांत गुंततात आणि रोगणासारखे होऊन बसतात. जवसाच्या तेलात चित्रकार रंग कालवतात तो याच गुणासाठी. आपले करडईचे तेलही याच सुकणाऱ्या जातीचे. चिमणीच्या जाळीवर आपण वर्षभर रंगकाम करीत असतो म्हणा ना!

या रापाला अल्क हवा, म्हणजे सोडा. सोड्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. खाण्याचा सोडा सौम्य. तो भिजवून त्याचा लगदा केला तर ओरखडा न काढता घासण्याचे काम करतो. धुण्याचा सोडा बराच तिखट. हे द्रव्यही आपल्याला परके नाही. पापडात घालतो तो पापडखार याच गोतावळ्यातला. आणि बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर, जे उल्केच्या आघाताने काळ्या खडकात पडलेल्या खड्ड्यात साठले आहे, त्याचे पाणी अशाच सोड्याने खारट झालेले आहे. काच आणि साबण करायला लागणारे पदार्थ या भागात मिळतात, अशी नोंद अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरीत सापडते. सोडा तेलाला भिडला की त्याचा काही अंश साबणच होतो, आणि उरलेले तेल सुटे होऊन पाण्याबरोबर जाते.

पोलादी जाळी असेल तर पसरट टबात कढत पाणी घेऊन दर लिटरला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडे भांड्यांचे द्रव साबण घालावे. जाळी अर्धा तास बुडवून ठेवावी आणि जुन्या दात घासायच्या ब्रशाने धुवावी. हातमोजे हवेतच. तेल जसे जाळीवर असते तसे आपल्या कातडीतही असते आणि सोडा दोघांत फरक करत नाही. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर मात्र धुण्याचा सोडा मुळीच वापरू नये. ॲल्युमिनियमला अल्क चढतो, ते काळवंडते आणि खाल्ले जाते. अशा जाळीला गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि अंमळ जास्त वेळ एवढेच पुरे. दिवाळीत चकलीचा सोऱ्या घासतानाही हेच लक्षात असू द्या. शेगडीचे पितळी बर्नर आधी साबणाने तेलमुक्त करावेत, मग चिंचेच्या कोमट पाण्यात तासभर ठेवावेत, भोके टाचणीने मोकळी करावीत आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच बसवावेत. ओला बर्नर पिवळा जळतो आणि पातेल्याचे बूड काळे करतो.

हळदीचा डाग या दोन्ही कुळांत बसत नाही. मिक्सरच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर आणि फ्रीजमधल्या डब्यांवर तो पिवळा रंग चढतो आणि घासून घासून हात दुखले तरी हटत नाही. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तो तेलाबरोबर प्लॅस्टिकमध्ये शिरून बसतो. साबण लावताच तो लालसर होतो आणि नवी सून घाबरते. त्यात भिण्यासारखे काही नाही. हळदीला चुना लावून आपण कुंकू करतो, तेच इथे साबणाच्या अल्काने झालेले असते. या रंगाचा वैरी एकच, आणि तो फुकट मिळतो. झाकण साबणाने धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवा. डाग आपोआप फिका होईल. यासाठी बाटली विकत घेणाऱ्यांची मला खरोखर कीव येते.

गंजाचे थोडक्यात. धुलाईयंत्राच्या पायाशी किंवा स्टीलच्या टाकीवर लोखंडाचा तांबूस डाग पडतो, त्याला ऑक्झॅलिक आम्ल लागू पडते. अळू आणि सुरण घशाला खाजतात ते याच आम्लाच्या कॅल्शियमबरोबर झालेल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि आंबट चुक्याला आंबटपणा येतो तोही याच आम्लाने. मात्र दुकानात मिळते ते विषारी आहे. लहान मुले असलेल्या घरात ते आणूच नये असे माझे मत. ताजा गंज लिंबू आणि मीठ लावूनही बराच उतरतो. स्टीलवर हे मीठ रेंगाळू न देता लगेच धुवावे.

आता त्या फसफशीबद्दल. मोबाईलवर हल्ली रोज एक चित्रफीत फिरते. खाण्याचा सोडा पसरा, त्यावर व्हिनेगर ओता, फेस आला की डाग गेला! पाहायला मोठी मौज वाटते. पण आम्ल आणि अल्क एकत्र आले की ते एकमेकांना मारतात. फेस विरल्यावर उरते ते सोडियम ॲसिटेटचे पाणी, म्हणजे ना धड आम्ल ना धड सोडा. व्हिनेगरचा क्षारांवर उपयोग, सोड्याचा तेलावर. एकेकटे वापरा. तुंबलेल्या मोरीत फेसाच्या धक्क्याने एखादा कण सुटत असेल, तेवढे पुण्य त्याच्या पदरी घाला. याच चित्रफितींतली दुसरी करामत म्हणजे तापलेल्या इस्त्रीवर डोकेदुखीची गोळी घासणे. गोळी वितळते, धूर होतो आणि करपलेली खळ म्हणे निघून येते. तो धूर नाकात घेण्याचे कारण काय? इस्त्री कोमट असताना प्लग काढून खाण्याच्या सोड्याचा लगदा ओल्या फडक्याने चोळला तरी साध्या इस्त्रीची खळ सुटते. बूड न चिकटणाऱ्या लेपाचे असेल तर सोडाही नको. नुसते ओले, जाड फडके.

मायक्रोवेव्हमध्ये वाडग्यात पाणी आणि लिंबाच्या फोडी ठेवून तीन-चार मिनिटे तापवायचे, दार पाच मिनिटे बंद ठेवायचे आणि मग पुसायचे, ही युक्ती चांगली. काम वाफ करते, लिंबू वासापुरते. वाडग्यात एक लाकडी चमचा उभा ठेवावा, म्हणजे पाणी एकदम उसळणार नाही.

कपडे धुण्याच्या यंत्राबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिले पाहिजे. समोरून दार असलेल्या यंत्राच्या रबरी कड्याच्या घडीत बोट फिरवून पाहा. काळी, बुळबुळीत, कुबट वास येणारी साय हाताला लागेल. ती बुरशी आणि जंतूंची वसाहत आहे, आणि तिला खायला घालतो आपणच. भरपूर पावडर टाकल्याने कपडे जास्त स्वच्छ होतात ही समजूत खोटी. जास्तीची पावडर धुतली जात नाही, ती कपड्यांच्या मळासह टाकीमागे साचते. त्यात आपण नेहमी थंड पाण्यात धुतो आणि धुणे होताच दार लावून टाकतो. मग बुरशीला आणखी काय हवे? पावडर पुस्तिकेत सांगितली तेवढीच घाला, दार उघडे ठेवा, कडे धुण्यानंतर कोरड्या फडक्याने पुसा, खालची गाळणी महिन्याकाठी काढून धुवा, आणि महिन्यातून एकदा यंत्र रिकामे ठेवून साठ अंशांच्या पाण्यावर फिरवा. क्षारांचे पाणी असेल तर टाकीसाठी लिंबूसत्त्व चालेल का, किती घालावे, हे त्या यंत्राच्या पुस्तिकेत पाहून ठरवा. दर धुण्यात व्हिनेगर ओतण्याची टूम निघाली आहे, तिच्या नादी लागू नका. रबराला ते मानवत नाही.

बुरशीसाठी कोणी ब्लीच वापरतात. ब्लीच आणि आम्ल, आता इथेच मघाशी राहिलेली गोष्ट येते.

घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाणी. शीलेच्या क्लोरीनने कापडाचा रंग उडतो हे फ्रान्समध्ये बेर्तोले याने ओळखले आणि त्यातून ही द्रवे निघाली. ब्लीचमध्ये क्लोरीन बांधून ठेवलेला असतो असे समजा. त्याला आम्ल भेटले की ती गाठ सुटते आणि तो हिरवट पिवळा वायू बाहेर पडतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधल्या ईप्र गावापाशी जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. संडास साफ करायच्या निळ्या बाटलीत बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. दिवाळीची घाई, चार बाय पाचची बंद मोरी, फरशीवर आधी ओतलेले आम्ल, ते पुरेसे जोरकस वाटले नाही म्हणून त्यावर ओतलेले ब्लीच. एवढे पुरते. लिंबूसत्त्व आणि व्हिनेगर हीदेखील आम्लेच आहेत, त्यामुळे किटलीचे पाणी मोरीत ओतून त्यावर ब्लीच टाकले तरी तोच प्रकार. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव ब्लीचमध्ये मिसळला तर निराळा, पण तसाच घातक वायू होतो.

आणि मोरीत त्या वेळी असते कोण? पुष्कळ घरांत आपण नसतो. आपण बाहेरून सांगत असतो, “मावशी, जरा जोर लावून घासा हो, कोपऱ्यात अजून पिवळे दिसते आहे.” त्या दोन्ही बाटल्या आपणच त्यांच्या हाती दिलेल्या असतात. त्यांच्यावरची सूचना इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. मावशींना इंग्रजी येत नाही, आणि येणाऱ्या आपण ती कधी वाचलेली नसते. सकाळपासून चार घरची मोरी घासणाऱ्या बाईच्या बोटांची सालपटे निघालेली आपण पाहतो, सणाला साडी देतो, आणि पन्नास-शंभर रुपयांचे रबरी हातमोजे आणायचे मात्र आपल्याला सुचत नाही. यंदा साडीच्या आधी ते आणा. एक जोड त्यांच्या मापाचा, त्यांच्याच वापरासाठी. दोन्ही बाटल्यांवर पांढरी पट्टी चिकटवून ठळक मराठीत लिहा : एकीवर “आम्ल”, दुसरीवर “ब्लीच”, आणि दोन्हींवर “एकत्र नको”. मावशींना वाचता येत नसेल तर एका बाटलीला लाल दोरा बांधा आणि दुसरी वेगळ्या फळीवर ठेवा. त्यांना समोर बसवून एकदा समजावून सांगा. सूचना म्हणून नाही, घरातल्या माणसाला सांगावे तसे. मोरीचे दार आणि खिडकी उघडी ठेवायला सांगा. एका दिवशी एकच द्रव्य, आणि दुसरे हाती घेण्यापूर्वी फरशी पाण्याने स्वच्छ धुवायची, एवढा नियम पुरतो.

तरीही चुकून वायू झालाच, डोळे चुरचुरू लागले, खोकला आला, तर बादली ओतून टाकण्यासाठी सुद्धा थांबू नये. श्वास रोखून बाहेर मोकळ्या हवेत यावे, दुसऱ्यांनाही बाहेर काढावे आणि छातीत जळजळ किंवा दम लागणे राहिले तर डॉक्टरांकडे जावे. अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे. पोटात गेले तर ओकारी काढू नये, कारण वर येताना ते घसा पुन्हा जाळते. बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

सुटे ॲसिड तर घरात नकोच. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, त्यामागची कारणे फरशी धुण्याहून फार भयंकर होती. पण फरशीपुरते बोलायचे तरी, शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून संडासाच्या कोनाड्यात ठेवलेले बिनचिठ्ठीचे द्रव हे तहानलेल्या मुलासाठी मांडून ठेवलेले विष आहे. कोणतेही द्रव्य त्याच्या मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत ओतू नये, मग ती बाटली कितीही सुबक असो.

तर मग यंदा आणायचे काय? माझ्या यादीत पाव किलो लिंबूसत्त्व, अर्धा किलो धुण्याचा सोडा, खाण्याच्या सोड्याची एक पुडी, भांड्यांचे द्रव साबण, दोन जुने ब्रश, मऊ फडकी आणि हातमोज्यांचे दोन जोड एवढेच आहे. ब्लीच लागलेच तर लहान बाटली, आणि तिची जागा वेगळी. स्टीलच्या भांड्यांना आणि टाकीला मात्र ते लावू नये, स्टीलवर बारीक खड्डे पडतात. काचेच्या दाराच्या फ्रीजसाठी नि इंडक्शनच्या पाटीसाठी त्या त्या कारखान्याचे खास मलम असते, ते घ्यायला हरकत नाही. तिथे घरगुती प्रयोग करून ओरखडे काढून घेण्यात शहाणपण नाही.

आणि साफसफाई झाल्यावर फराळाचे तळण येतेच. चकल्या, करंज्या, चिरोटे, कडबोळी. दोन दिवस कढई उतरत नाही. शेवटचा घाणा निघाला की सगळेजण दमलेले असतात आणि शेगडी उद्या पुसू म्हणून राहते. त्याच रात्री, गॅसची कळ बंद करून, शेगडी हाताला सोसेल इतकी कोमट असताना, भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात पिळलेले फडके तिच्यावरून आणि मागच्या भिंतीवरून दोनदा फिरवावे. तेल अजून तेलच असते, त्याचे रोगण झालेले नसते. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते घरातल्या पुरुषमंडळींनाही सहज जमण्यासारखे आहे.